परत मिळालेल्या पेपराचा अभ्यास

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘मी भांडुपला राहते. नववीत आहे, सेमी-इंग्लिश. वर्गशिक्षिकांनी “या वर्षी प्रत्येक विषयात मी काय शिकले” यावर दोन पानं लिहून आणायला सांगितली आहेत. मराठी, इतिहास, भूगोलात मला ऐंशीच्या घरात मार्क पडतात, गणित-विज्ञानात पन्नास-पंचावन्न. अभ्यास मात्र सगळ्याचा सारखाच करते. धडा चार-पाच वेळा वाचते, महत्त्वाच्या ओळींवर मार्कर फिरवते. मी काय लिहू? आणि हे लिहून खरंच काही उपयोग होतो का, की नुसता प्रोजेक्ट?’

शेवटचा प्रश्न आधी घेते. बहुतेक वेळा नुसता प्रोजेक्टच होतो. मी मुंबईत २७ वर्षं गणित आणि विज्ञान शिकवलं, आधी परळला, नंतर मुलुंडला, आणि असे कागद मीही मुलांकडून भरून घेतले आहेत. पहिल्यांदा घेतले तेव्हा वर्गात ५८ मुलं होती. रविवारी चहा घेऊन वाचायला बसले, तर निम्म्याहून जास्त कागदांवर तेच: गणितामुळे व्यवहारज्ञान वाढले, इतिहासामुळे देशप्रेम वाढले, विज्ञानामुळे वैज्ञानिक दृष्टिकोन वाढला. सगळ्यांचं सगळं वाढलेलं! त्यातल्या एकीला सहामाहीत बीजगणितात ४० पैकी ११ होते. मुलांना कशाला बोल लावायचा, प्रश्नच मी तसा विचारला होता. ‘काय शिकलात’ म्हटलं की बाईंना काय वाचायला आवडेल ते मुलं लिहितात, आणि ते त्यांना अचूक कळतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रगतिपुस्तकात शिक्षकांच्या जोडीला विद्यार्थ्याने स्वतःचं आणि वर्गमित्रांनी एकमेकांचं मूल्यमापन करावं असं म्हटलं आहे. म्हणजे असे कागद यापुढे वाढतच जाणार. तेव्हा ते भरायची रीत आत्ताच शिकून घेतलेली बरी.

पुढच्या वर्षी मी प्रश्न बदलला. परत मिळालेल्या पेपरातलं एकच चुकलेलं उत्तर निवडा आणि ते लिहिताना डोक्यात काय चाललं होतं ते लिहा, एवढंच सांगितलं. तेव्हापासून मला वाचण्यासारखं काहीतरी मिळू लागलं.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण सगळी गोम त्यात आहे. नववीतला एक मुलगा, रोज कळव्याहून लोकलने मुलुंडला यायचा. विज्ञानाच्या चाचणीत ‘गतीचे नियम’ या धड्यावर प्रश्न होता: थांबलेली गाडी एकसमान त्वरणाने (म्हणजे दर सेकंदाला सारखाच वेग वाढवत) ४० सेकंदांत २० मीटर प्रतिसेकंद एवढा वेग घेते, तर त्या वेळात तिने किती अंतर कापलं? सोबत वेग-काल आलेख. याने २० गुणिले ४० करून ८०० मीटर लिहिलं आणि उत्तराखाली दोन रेघा मारल्या. कागदावर नोंद केली, ‘सूत्र विसरलो.’

मी त्याला मधल्या सुट्टीत बोलावलं. आलेखाखालचा भाग पेन्सिलीने भरला, कडेचे अक्ष झाकले आणि म्हटलं, हा कुठला आकार आहे? म्हणाला, त्रिकोण. काटकोन त्रिकोण. क्षेत्रफळ काढ. पाया ४०, उंची २०, निम्मं गुणिले पाया गुणिले उंची, ४००. वेळ लागला असेल पाच सेकंद. मग मी हात काढला. म्हटलं, हेच अंतर. तो आलेखाकडे बघत बसला. मला वाटलं, सूत्र पाठ करून टाकतो आता. पण थोड्या वेळाने म्हणाला, ‘म्हणजे बाई, गाडी सुरुवातीला वीसने धावतच नव्हती.’

हा मुलगा रोज दोनदा लोकलमध्ये बसत होता. गाडी फलाटावरून सुटताना कशी सरकते आणि मग कसा वेग घेते, हे त्याच्या तळपायांना ठाऊक होतं. भूमितीतला त्रिकोण त्याला येत होता. विज्ञानाचं सूत्रही त्याने घोकलेलं होतं. तीन ठिकाणी तीन गोष्टी होत्या, पण एकमेकींशी त्यांची ओळखच नव्हती. ‘सूत्र विसरलो’ ही त्याची नोंद खोटी म्हणता येणार नाही, पण तेवढ्यावर थांबला असता तर त्याने सूत्र पुन्हा घोकलं असतं आणि पुढच्या चाचणीत पुन्हा विसरला असता. त्याच आलेखातल्या रेषेचा चढ म्हणजे त्वरण. पण आपल्याकडे रेषेचा चढ गणितात दहावीत येतो, आणि विज्ञानाला त्याची गरज नववीतच पडते. अभ्यासक्रमाची ही चुकामूक मुलांनी एकट्याने निस्तरायची असते आणि तसं त्यांना कुणी सांगत नाही. (आम्हीही सांगत नव्हतो. मी त्याच्या पेपरवर लाल पेनाने ‘लक्ष द्या’ असं लिहिलं होतं. कशाकडे, ते नव्हतं लिहिलं.)

आता तुझ्याकडे येते. तू सेमी-इंग्लिशची आहेस, म्हणून तुझी अडचण आणखी एका जागी असू शकते. तू ‘व्हेलॉसिटी’ शिकतेस आणि घरी ‘वेग’ म्हणतेस. विज्ञानात ‘स्पीड’ म्हणजे चाल आणि ‘व्हेलॉसिटी’ म्हणजे वेग, आणि वेगाला दिशा असते, चालीला नसते. बोलताना मात्र आपण दोन्हीला स्पीडच म्हणतो. मराठी माध्यमाच्या मुलांचं वेगळंच होतं. मराठीच्या पेपरात बल, शक्ती, सामर्थ्य हे समानार्थी शब्द म्हणून लिहिले की पूर्ण मार्क. तासाभराने तोच मुलगा विज्ञानाच्या पेपरात बलाच्या जागी शक्ती लिहितो आणि मार्क जातो, कारण तिथे बल वेगळं, शक्ती वेगळी, ऊर्जा वेगळी, तिघांची एककंही वेगळी. न्यूटन, वॅट, ज्यूल. ‘कार्य’ तर आणखी पंचाईत करतं. डोक्यावर पाटी घेऊन तासभर एका जागी उभ्या राहिलेल्या हमालाने विज्ञानाच्या हिशेबाने पाटीवर शून्य कार्य केलेलं असतं. त्याला मजुरी मात्र द्यावी लागते, आणि भूगोलाच्या पुस्तकातला अर्थशास्त्राचा धडा त्या मजुरीकडेच बघतो. एका वर्गात बरोबर असलेली गोष्ट पुढच्या तासाला चूक ठरते. मुलं गोंधळतात, आणि आपण गोंधळलोय हे त्यांच्या लक्षातही येत नाही, कारण घंटा वाजते आणि वही बदलते.

म्हणून तुझ्या दोन पानांत ‘मला अमुक विषय आवडतो’ याऐवजी, प्रत्येक विषय माझ्याकडून कशा प्रकारचं उत्तर मागतो, हे शोधून बघ. गणितात ‘सिद्ध करा’ म्हटलं की शंभर उदाहरणं देऊन भागत नाही, प्रत्येक पायरीला कारण हवं. भूगोलात ‘कारणे द्या’ला तशी सिद्धता कुणी मागत नाही, पण साखळी मागतात. वारा अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतो, सह्याद्रीला अडतो, वर चढतो, थंड होतो, पाऊस पडतो. मधली एक कडी गाळलीस की उत्तर लंगडं. इतिहासात ‘कशावरून?’ हा प्रश्न. तुमचं नववीचं इतिहासाचं पुस्तक सुरूच होतं ते इतिहासाच्या साधनांपासून, आणि बहुतेक वर्गांत तोच धडा सगळ्यात भरभर उरकला जातो. भारतातली पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेली, हे तुला येत असेलच. पण हे कळलं कुठून? वर्तमानपत्रातून, कंपनीच्या दप्तरातून, की कुणाच्या आठवणीतून? आणि तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर कुणाचं खरं धरायचं? आणि मराठीत कवितेच्या रसग्रहणात कुणी सिद्धता मागत नाही, साखळीही मागत नाही, पण ‘कविता छान आहे’ असं म्हणून सुटकाही होत नाही. कुठल्या शब्दामुळे छान वाटली, त्यावर बोट ठेवावं लागतं.

हे सगळं आहे म्हणूनच सगळ्या विषयांचा सारखाच अभ्यास करणं तुला नडतंय. पाच वेळा वाचून इतिहासात ८० पडतात, कारण शाळेच्या पेपरातले बरेचसे प्रश्न पुस्तकातल्या वाक्यांना धरून असतात. गणितात तसं होत नाही. सोडवलेलं उदाहरण पाचव्यांदा वाचताना सगळं कळल्यासारखं वाटतं, कारण ते उदाहरण ओळखीचं झालेलं असतं. शेजारच्या काकूंचा चेहरा ओळखीचा असतो, पण डोळे मिटून त्यांचं चित्र काढ बघू! यावर प्रयोगही झाले आहेत. रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या गटांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे. पुढे २०१३ मध्ये डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या, त्यात अधोरेखन आणि पुनर्वाचन कमी उपयोगाच्या गटात गेले, आणि स्वतःची परीक्षा घेणं व अभ्यास दिवसांमध्ये विभागून करणं जास्त उपयोगाच्या गटात. तुझा मार्कर मी काढून घेत नाहीये. पण आधी पुस्तक मिटून कागदावर काय उतरतं ते बघ, आणि जे उतरलं नाही तेवढ्यावरच तो फिरव.

आणि हे इतिहासालाही लाव बरं का. ८० मार्कांमुळे तिथे सगळं ठीक आहे असं वाटत असेल, पण मार्क चांगले आहेत म्हणून कुणी खोदून बघत नाही एवढंच असू शकतं.

पेपर बघताना एक गोष्ट मी अजिबात चालवून घेत नसे. ‘सिली मिस्टेक’. अर्ध्या वर्गाच्या नोंदींत हा शब्द असायचा, आणि पालकांच्या तोंडी तर कायम. ‘येतं सगळं बाई, घाईत चुकते.’ बहुपदीच्या प्रकरणात उणे तीन कंसाबाहेर, आत क्ष उणे चार. मुलगी लिहिते, उणे तीन क्ष उणे बारा. घाई म्हणून सोडून दिलं. पण मागचे तीन पेपर शेजारी ठेवले, तर तिन्हींत हीच चूक, कंसातला उणे दर वेळी तसाच राहिलेला. घाईत झालेली चूक दर वेळी त्याच जागी कशी होईल? तिला उणे गुणिले उणे अधिक हे पाठ होतं, पण कंसाबाहेरचा आकडा आत प्रत्येक पदाला त्याच्या चिन्हासकट भेटतो, हे कधी बसलंच नव्हतं. म्हणून एक पेपर बघून काही कळत नाही. दोन-तीन घटक चाचण्यांचे पेपर जमिनीवर पसरून ठेव.

आणि वेगवेगळ्या विषयांचे पसर. मला स्वतःला हे कळायला बरीच वर्षं लागली, कारण मी माझ्याच दोन विषयांचे पेपर तपासत होते. एकदा भूगोलाच्या बाईंच्या शेजारी बसून तपासत होते. एक मुलगी सगळ्या विषयांत ‘फरक स्पष्ट करा’मध्ये मार्क घालवत होती. माझ्याकडे चाल आणि वेग, त्यांच्याकडे आरोह पाऊस आणि प्रतिरोध पाऊस. दर वेळी ती डावीकडे एका गोष्टीची पूर्ण माहिती लिहायची, उजवीकडे दुसरीची. माहिती सगळी बरोबर असायची, पण कुठल्या मुद्द्यावर फरक आहे तो मुद्दाच नसायचा. तिला विज्ञान येत नव्हतं असं नाही, भूगोल येत नव्हता असंही नाही. तिला तुलना करता येत नव्हती, आणि तुलनेचा तास वेळापत्रकात कुठेच नसतो. ते तिला मराठीत समजावलं, दोन सख्ख्या मैत्रिणींवर परिच्छेद लिहायला लावून: उंची, बोलणं, राग, एकेक मुद्दा घे आणि दोघींना त्यावर उभं कर. चार दिवसांत जमलं.

विषय जोडून बघण्याचा आमच्या शाळेत नंतर जरा अतिरेकही झाला. ‘पाणी’ हा विषय घ्या आणि सगळ्या तासांना पाणी शिकवा. गणिताच्या तासाला टाकीचं घनफळ, मराठीत पावसाची कविता, चित्रकलेत धबधबा, झालं एकात्मिक शिक्षण. नुसता विषय सारखा असून काही जोडलं जात नाही. एकात शिकलेल्या गोष्टीने दुसऱ्यातली समजूत हलली पाहिजे. मुंबईचंच उदाहरण घे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच दिवशी कुलाब्याला ७३-७४ मिलिमीटर. तुझ्या सांख्यिकीच्या प्रकरणाप्रमाणे या दोनचा मध्य, म्हणजे सरासरी, काढ. ५०९ च्या आसपास येईल. गणित बरोबर आहे. पण तेवढा पाऊस त्या दिवशी यांपैकी एकाही ठिकाणी पडला नव्हता! सांताक्रूझकडचा माणूस छातीभर पाण्यात होता आणि कुलाब्याचा माणूस त्या मानाने साध्या पावसात. मध्य म्हणजे काय, त्याच्यावर कधी विसंबू नये, हे माझ्या वर्गाला त्या दोन आकड्यांनी जेवढं शिकवलं तेवढं स्वाध्यायाच्या वीस उदाहरणांनी शिकवलं नाही. आणि वृष्टीच्या धड्यातली ‘सरासरी पर्जन्य’ ही ओळ त्यानंतर मुलं थबकून वाचू लागली.

तुला करता येण्यासारखं सांगते. सोमवार ते शुक्रवार शाळा आणि क्लास यांत तुझा जीव निघत असेल, त्यामुळे रोज काही लिही असं मी म्हणणार नाही. शनिवारी वीस मिनिटं काढ. आठवड्यातलं एक चुकलेलं किंवा अडलेलं उत्तर घे आणि वहीच्या मागच्या पानावर तीनचार ओळी लिही. मी काय लिहिलं, तेव्हा मला काय वाटत होतं, आता काय वाटतं, आणि हीच भानगड आणखी कुठल्या विषयात झाली आहे का. शेवटचं सुचलं नाही तर सोडून दे, दर आठवड्याला सुचत नाही. नोंद मराठीत कर, विज्ञान इंग्रजीत असलं तरी. त्वरण म्हणजे काय हे आजीला मराठीत सांगता येत नसेल, तर तुझ्याकडे फक्त ‘अ‍ॅक्सिलरेशन’ हा शब्द आहे. बालभारतीच्या संकेतस्थळावर दोन्ही माध्यमांची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. अडलेला धडा मराठीच्या पुस्तकातून एकदा वाच. माझ्या सेमीच्या कित्येक मुलांना यानेच एकदम उलगडलं, आणि काहींना मराठी शब्दच जड गेले, तेही सांगून ठेवते.

नोंद कशी दिसते, याचा एक नमुना देते. माझ्या एका विद्यार्थिनीच्या नोंदीवरून बेतलेला आहे: ‘सागरजलाच्या धड्यात “खाऱ्या पाण्यात पोहणे सोपे का?” याला मी मीठ असते म्हणून, एवढंच लिहिलं. दोनपैकी अर्धा मिळाला. मला वाटत होतं मीठ हेच कारण आहे. आता वाटतं मिठाने घनता वाढते आणि घनतेने उत्प्लावक (वर ढकलणारं) बल वाढतं, म्हणजे मी पहिली आणि शेवटची कडी लिहिली आणि मधल्या दोन खाल्ल्या. विज्ञानातही “कारण लिहा”ला माझं असंच होतं. मला मधलं माहीत असतं पण ते लिहायचं असतं हे माहीत नव्हतं.’ शेवटचं वाक्य वाचून मी पेन खाली ठेवलं होतं. आमच्या नजरेत ती ‘उत्तरं फार त्रोटक लिहिते’ अशी मुलगी होती.

आता शाळेला द्यायच्या दोन पानांचं. वर्गशिक्षिकांनी ठरावीक तक्ता दिला असेल, प्रत्येक विषयाला चार ओळी वगैरे, तर तो नीट अक्षरात भरून दे, त्यावर वाद घालू नकोस. पण त्या चार ओळींत एक तरी खरी चूक घाल. चूक लिहिल्याने मार्क कमी होतील ही भीती मला माहीत आहे. ती पूर्ण निराधार आहे असंही म्हणत नाही, कारण काही शिक्षकांना रकाना भरलेला हवा असतो. मग भरलेला रकाना त्यांना दे आणि मागचं पान स्वतःकडे ठेव.

चित्रकला, शारीरिक शिक्षण यांचे रकाने मुलं एका ओळीत उडवतात. तिथेही चुकलेलं काहीतरी सापडतंच, पण तुझ्याकडे वेळ कमी असेल तर ते राहू दे.

या शनिवारी विज्ञान भाग १ पासून सुरुवात कर, मराठीपासून नको. पेपर बहुधा सापडणार नाही. पालकांची सही झाली की उत्तरपत्रिका शाळेत परत जमा होतात आणि कपाटात पडून राहतात. तुझ्या विज्ञानाच्या बाईंकडे जा, घटक चाचणीची उत्तरपत्रिका दोन दिवस घरी न्यायची आहे म्हणून सांग. देत नसतील तर तिथेच बसून चुकलेली दोन उत्तरं वहीत जशीच्या तशी उतरवून घे, खाडाखोडीसकट.